आधी हात धू

नवीन आलेली मुलं सांगतात, "प्राणी आवडतात म्हणून या कामात आलो." मीही पहिल्या दिवशी हेच म्हणालो होतो. त्यावर मला काम शिकवणारी माझी सहकारी म्हणाली, "आवडतात ना? मग आधी हात धू."

तिला जाऊन वर्ष होत आलं. प्राण्यांच्या निवारा केंद्रात आम्ही सहा वर्षं एकत्र काम केलं. नवख्यांना मी जे शिकवतो त्यातलं बहुतेक तिचंच आहे. फक्त ती ते ओरडून शिकवायची.

दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी खोक्यात चार-पाच दिवसांचं कुत्र्याचं पिल्लू ठेवून गेलं. अंग गार पडलेलं, आवाज जेमतेम. मी घाईघाईनं ड्रॉपरनं दूध पाजायला घेतलं, तर तिनं तो हिसकावूनच घेतला. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, उलट ते श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून आधी ऊब द्यायची: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, अगदी सावकाश. मग पिल्लांसाठीचं पावडरचं दूध, तेही पिल्लाला पोटावर ठेवून. माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हलकेच चोळायचं, कारण पहिले दोन-तीन आठवडे त्यांना आपापली शू-शी करता येत नाही. आई चाटून जे करते ते आपल्या वाट्याला येतं. हे ऐकून ज्याचा चेहरा उतरत नाही तो टिकतो, हा माझा आडाखा. दोनदा चुकलाही आहे.

फेरीचा क्रम तिनं कधी मोडू दिला नाही. आधी निरोगी पिल्लं, मग मोठी जनावरं, आजाऱ्यांची खोली सगळ्यात शेवटी. पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू फरशीवर महिनोन्महिने तग धरतो आणि आपल्याच बुटांवरून पिल्लांपर्यंत पोचतो. नुसत्या वासाच्या फिनेलनं तो मरत नाही. घाण पुसून घ्यायची, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी ओतून फरशी १० मिनिटं ओली ठेवायची.

रेबीजची प्रतिबंधक लस पूर्ण झाल्याशिवाय ती कुणाला पिंजऱ्यापाशी फिरकू देत नसे. लस घेतलेली असली तरी कुत्रा चावला की जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि तडक डॉक्टर गाठायचा. मला चावलं तेव्हा ती घड्याळ लावून शेजारी उभी होती.

तिची एक सवय मात्र उचलू नका. ती रजा घ्यायची नाही. एखाद्या जनावराला शांतपणे कायमचं झोपवावं लागलं की सामानाच्या खोलीत जाऊन एकटी रडायची आणि डोळे धुऊन पुन्हा कामाला लागायची. आम्हाला कळायचं, पण कुणी विचारलं नाही. मीही नाही. आता तसा दिवस उजाडला की मी नव्या पोरांना मुद्दाम बाहेर बसवून बोलतं करतो. जमतंच असं नाही.

मांजरांच्या थर्मामीटरची डबी अजून तीच आहे. त्यावरच्या कागदी पट्टीवर तिच्या अक्षरात लिहिलंय: '३८ ते ३९ ठीक. ४० म्हणजे मला उठवा. माणसांनी तोंडात घालू नये!' कडा सुटायला लागल्या होत्या. परवा मी वरून चिकटपट्टी लावली.