क्रिएटिनिन वाढलं, पण रिजेक्शन नसेल तर?

किडनी ट्रान्सप्लांटनंतर क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) चढलं की पहिली धास्ती रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याची. पुष्कळदा कारण साधंच निघतं: जुलाब, पाणी कमी पडणं किंवा टॅक्रोलिमसची (रिजेक्शन टाळण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) रक्तातली लेव्हल वाढणं.

म्हणून आधी टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त नीट वेळेवर द्या. दिवसातून दोनदा गोळी असेल आणि रात्री ८ ला घेतली असेल, तर रक्त सकाळी ८ च्या सुमारास, सकाळची गोळी घेण्याआधी. गोळी घेऊन रक्त दिलंत तर आकडा फुगतो आणि डोस उगाच कमी होतो. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) यांनी लेव्हल वाढते, रिफॅम्पिसिनने (टीबीचं औषध) कोसळते. पपनसही टाळा.

लेव्हल ठीक असेल तर पुढचा संशय बीके विषाणूवर. बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणीच शिरतो आणि मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती दाबली की डोकं वर काढतो. ताप नाही, जळजळ नाही, दुखणं नाही. क्रिएटिनिन चढेपर्यंत किडनीला इजा झालेली असते. त्यामुळे रक्ताची बीके पीसीआर (रक्तात हा विषाणू किती आहे ते मोजणारी चाचणी) पहिले ९ महिने दरमहा आणि पुढे २ वर्षं होईपर्यंत दर ३ महिन्यांनी करावी, शक्यतो एकाच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडेही बदलतात. रक्तात मिलिलिटरमागे विषाणूच्या १,००० च्या वर प्रती टिकून राहिल्या किंवा १०,००० ओलांडल्या, तर डॉक्टर मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) किंवा टॅक्रोलिमस कमी करतात. विषाणूवर खात्रीचं औषध नाही. गोची अशी की रिजेक्शनवर नेमका उलटा उपचार, म्हणजे स्टिरॉइडचा मारा, करावा लागतो; तो इथे केला तर विषाणूचंच फावतं. म्हणून दोन्हींतलं नेमकं काय आहे ते सांगणाऱ्या बायोप्सीला (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) घाबरून टाळाटाळ नको. आणि डोस स्वतःच्या मनाने कधीही कमी करू नका.

बीपी तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन उसळलं? मग नव्या किडनीची धमनी अरुंद झाली आहे का, हे डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघायला सांगा. हे साधारण ३ महिने ते २ वर्षांत दिसतं. गरज पडल्यास फुगा घालून स्टेंट बसवतात.

किडनीच्या बाजूला फुगवटा, त्याच बाजूचा पाय सुजलेला, लघवी कमी: सोनोग्राफी त्याच दिवशी. पाणी साठलेलं दिसलं तर ते थोडं काढून त्यातलं क्रिएटिनिन रक्ताशी ताडून पाहतात. जवळपास सारखं असेल तर लसीका (लिम्फ), कितीतरी पट जास्त असेल तर लघवी गळते आहे.