स्त्रुगाच्या 'कवितेच्या बागे'त जाण्याआधी

बाग लहान आहे. नुसती चक्कर मारली तर दहा मिनिटांत संपते, आणि मग 'एवढ्यासाठी आलो?' असं वाटतं. म्हणून उत्तर मॅसेडोनियातल्या स्त्रुगाला जायची तयारी बॅगेपासून नाही, वाचनापासून करा. १९६१ साली सुरू झालेला इथला काव्यमहोत्सव १९६६ला आंतरराष्ट्रीय झाला. त्याच वर्षापासून दरसाल एका कवीला 'सुवर्णमाला' हा सन्मान दिला जातो, आणि बागेत त्या विजेत्याच्या नावाचं झाड आणि फलक असतो. ऑडेन १९७१, नेरुदा १९७२, मोन्ताले १९७३, गिन्सबर्ग १९८६, टेड ह्यूज १९९४, हीनी २००१. मोन्ताले (नोबेल १९७५) आणि ट्रान्सट्रोमर (इथे २००३, नोबेल २०११) यांना तर नोबेलच्या आधी स्त्रुगाने ओळखलं. यातले आवडीचे चार-पाच कवी निवडा, प्रत्येकाची एकेक कविता कागदावर छापून घ्या आणि त्या त्या झाडाखाली उभं राहून वाचा. फोनवर ठेवली तर भर उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही.

आपल्याकडचं नाव हिंदी कवी अज्ञेयांचं, १९८३. शोधताना टोपणनावावर अडून बसू नका. सच्चिदानंद वात्स्यायन हे नाव आणि साल दोन्ही डोक्यात असू द्या.

सिरिलिक लिपीची किमान डझनभर अक्षरं घरूनच गिरवून जा. फसवणारी अक्षरं ओळखीच्या चेहऱ्याची असतात: इंग्रजी 'पी'सारखं दिसतं तो 'र', 'सी' म्हणजे 'स', 'एच' म्हणजे 'न', 'बी' म्हणजे 'व', 'वाय' म्हणजे 'उ'. बसच्या पाटीवरचं 'स्त्रुगा' इंग्रजी सवयीने वाचलंत तर सुरुवातच 'सी-टी-पी-वाय' अशी होते आणि बस समोरून निघून जाते. एक सोय मात्र आहे. मॅसेडोनियन भाषा परकी नावं मराठीसारखीच उच्चाराबरहुकूम लिहिते, त्यामुळे अक्षरं जुळली की 'हीनी' हीनीच वाचता येतो. इंग्रजी स्पेलिंग शोधत बसणाऱ्याला तो सापडत नाही.

महोत्सव ऑगस्टच्या उत्तरार्धात असतो, पण तारखा दरवर्षी बदलतात. त्या जाहीर झाल्याशिवाय तिकिटं काढू नका. उद्घाटनाला स्त्रुगाचा जुना कवी कॉन्स्टंटिन मिलादिनोव्ह याची 'त्'गा झा युग' म्हणजे 'दक्षिणेची ओढ' वाचली जाते. रशियाच्या थंडीत बसून, पंख मागून, शेजारचं ओह्रिद आणि स्त्रुगा पाहायला निघालेल्या माणसाची ही कविता. तिचा अनुवाद आधी वाचलेला असला तर समारंभाला अर्थ येतो, नाहीतर नुसतं कोणीतरी काहीतरी म्हणतंय एवढंच कळतं. वेळ असेल तर गावातलं मिलादिनोव्ह बंधूंचं घरही पाहून घ्या. दोघेही १८६२ साली इस्तंबूलच्या तुरुंगात वारले.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा असलेल्यांना सवलत असते, पण तिच्या अटी दूतावासाकडून ताज्या विचारून घ्या. राजधानी स्कोप्येहून रस्ता साधारण पावणेदोनशे किलोमीटर, बसने तीन-साडेतीन तास. वाटेतल्या किचेव्होनंतर घाटवळणं आहेत, गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. ओह्रिद शहर आणि स्त्रुगा यांत पंधरा-एक किलोमीटरचं अंतर आहे. बुकिंग करताना लोक दोन्ही एकच समजतात आणि मग रात्री अडकतात. प्लग युरोपीय दोन गोल पिनांचा. मोबाइल चार्जरच्या बारीक दोन पिना बहुधा बसतात, लॅपटॉपची तीन पिनांची वायर बसत नाही. अडॅप्टर घ्याच. इथलं चलन देनार, एका युरोला सुमारे ६१ देनार मिळतात. देशाबाहेर हे पैसे बदलून मिळणं कठीण, तेव्हा थोडे थोडेच घ्या.

बागेत सकाळी लवकर जा. दुपारी पानांमधून उन्हाचे कवडसे फलकावर पडतात, फोटोत अक्षरं लागत नाहीत. पान तोडू नका, खाली पडलेलं उचला.

समारोपाचं वाचन 'कवितेच्या पुला'वर होतं. ओह्रिद सरोवरातून काळी द्रिम नदी गावातच बाहेर पडते, तिच्यावरचा हा पूल. कवी पुलावर, गर्दी दोन्ही काठांवर. तासभर आधी पोचून काठ धरा. गाव जवळजवळ सातशे मीटर उंचीवर आहे, ऑगस्टातही रात्री पाण्याकडून गार वारा येतो, म्हणून पातळ जाकीट हवं. मुक्काम ओह्रिदला असेल तर शेवटच्या बसची वेळ स्थानकावर दुपारीच विचारा. टॅक्सी करावी लागलीच तर भाडं बसण्याआधी देनारमध्ये ठरवा.