रेडियम कटिंगचा छंद: सुरुवातीला या चुका टाळा

मी प्लॉटरवर, म्हणजे संगणकातल्या फाइलप्रमाणे ब्लेडने स्टिकर कापणाऱ्या यंत्रावर, पहिल्यांदा कापलं ते घराचं नाव, 'मातृछाया'. नको असलेलं व्हिनायल (स्टिकरचा पातळ प्लॅस्टिकचा थर) सोलायला घेतलं आणि शिरोरेषेचे तुकडे पडू लागले. म सुटा, त सुटा, दोन अक्षरांच्या सांध्यावर इवलीशी चौकट वेगळी कापलेली. मी ब्लेड बदललं, दाब कमी-जास्त करून पाहिला, अर्धा मीटर रोल वाया गेला. चूक फाइलमध्ये होती.

देवनागरी फॉन्टमध्ये एका अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते, छापताना मध्ये फट दिसू नये म्हणून. कागदावर काळ्यावर काळं येतं, कळत नाही. प्लॉटरला रंग दिसत नाही, फक्त कड दिसते. म्हणून तो चढलेल्या भागाच्याही कडा इमानेइतबारे कापतो. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यामुळे हे काम शिकवणाऱ्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये अक्षरं एकमेकांना जोडून लिहिल्यासारखा फॉन्ट असेल तरच याचा उल्लेख येतो. आपल्याला मात्र अक्षरं जोडून एकसंध करण्याचं काम प्रत्येक शब्दाला करावं लागतं.

इंकस्केप हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात मजकूर टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात), ग्रुप सोडवा, सगळी अक्षरं निवडून 'युनियन' द्या. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करत असाल तर आधी कर्व्ह करून मग 'वेल्ड'. इथे बरेच जण 'कंबाइन' दाबतात. त्याने वस्तू एक होते, पण आतल्या रेषा तशाच राहतात. खात्री करायची तर 'आउटलाइन' दृश्यात जा. तिथे ज्या रेषा दिसतात, त्याच ब्लेड कापणार. 'मातृछाया'च्या डोक्यावरून एक सलग रेषा जायला हवी, मध्ये एकही उभी काडी नको.

काही कटिंग सॉफ्टवेअरमध्ये मराठी थेट टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते किंवा जोडाक्षरं मोडून हलन्त दिसतात. तिथे झगडत बसू नका. मजकूर बाहेर तयार करून पाथ केलेली एसव्हीजी (रेषाचित्राची) फाइल आत घ्या. फॉन्ट सुरुवातीला जाड आणि गोलसर निवडा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे दोन्ही मोफत मिळतात. मी नवीन माणसाला बलूच देते. बारीक फॉन्टमध्ये अनुस्वाराचा ठिपका सोलताना कचऱ्याबरोबर उडून जातो आणि 'गंध'चा 'गध' होतो. ठिपका दोन मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो मुद्दाम मोठा करा. अक्षराला तो किंचित बोजड दिसला तरी चालेल.

आता खरेदी. आपल्याकडे सगळ्या स्टिकरला 'रेडियम' म्हणायची पद्धत आहे, आणि दुकानात नुसतं रेडियम मागितलं तर कधी कधी रात्री चमकणारा रिफ्लेक्टिव्ह शीट हातात पडतो. तो जाड असतो, त्यात काचेचे सूक्ष्म मणी असतात, ब्लेड लवकर बोथट होतं. शिकताना साधं व्हिनायल मागा. ओराकल या ब्रँडमध्ये ६३१ हे घरातल्या भिंतीसाठी, पुढे काढता येणारं. ६५१ हे बाहेरच्या पाटीसाठी, घट्ट बसणारं.

कापताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ब्लेड खूप बाहेर काढणं. व्हिनायल जेमतेम ६० ते ८० मायक्रॉन जाड असतं, आणि कापायचं फक्त तेवढंच असतं, खालचा कागद नाही. प्रत्येक नव्या रोलवर कोपऱ्यात एक चौकोन आणि त्यात वर्तुळ असा टेस्ट कट घ्या. सोलल्यावर कागदावर नखाने ओढल्यासारखी पुसट रेघ दिसली म्हणजे बरोबर. कागद फाटत असेल तर आधी ब्लेड आत घ्या, मग दाब कमी करा. वर्तुळाची दोन टोकं जुळत नसतील किंवा कोपरे गोल येत असतील तर ब्लेड ऑफसेट, म्हणजे ब्लेडचं टोक आणि ते ज्याभोवती फिरतं तो मध्य यांतलं अंतर, सॉफ्टवेअरमध्ये तपासा. नेहमीच्या ४५ अंशांच्या ब्लेडला तो बहुतेक वेळा ०.२५ मिलिमीटर असतो. ऑफसेट बरोबर असूनही तसंच होत असेल तर ब्लेडचा होल्डर उघडा. व्हिनायलचा एखादा कण अडकून ब्लेडचं फिरणं थांबलेलं असतं.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, मागचा कागद हवेतली ओल शोषतो आणि रोल लाटांसारखा उचलला जातो. मग एकाच शब्दाचा अर्धा भाग नीट कापला जातो, अर्धा नाही. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उभा ठेवा.

सोलायच्या आधी ओळींच्या मध्ये एकेक आडवी रेघ कापून घेतली की कचरा लहान लहान पट्ट्यांत निघतो आणि स्वतःलाच चिकटत नाही. पंखा बंद ठेवा. कापलेली अक्षरं कागदावरून उचलून जागेवर नेणाऱ्या ट्रान्सफर टेपऐवजी सेलोटेप वापरू नका. तो अक्षर सोडतच नाही.

टी-शर्टवर इस्त्रीने चिकटवायचं हीट ट्रान्सफर व्हिनायल उलटं कापायचं असतं, चकचकीत बाजू खाली ठेवून. हे विसरलात तर मंडळाचं नाव आरशातून वाचावं लागेल. इस्त्रीची वाफ बंद ठेवा आणि तापमान पाकिटावर दिलंय तेवढंच ठेवा.

दोन गोष्टींना मी ठाम नकार देते. लेझर कटरवर पीव्हीसी व्हिनायल कधीही कापायचं नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुफ्फुसांना घातक आहे. आणि गाडीची नंबरप्लेट घरी बनवायची नाही. १ एप्रिल २०१९पासून नव्या वाहनांना हाय सिक्युरिटी प्लेटच बंधनकारक आहे. टाकीवर नाव लावा, मडगार्डवर गणपती लावा, हवं ते करा.

चिकटवताना पृष्ठभाग आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डिस्टेंपरची भिंत हाताला पांढरी लागत असेल तर स्टिकर आठवड्यात गळून पडेल, तिथे पाटीच करा. नव्याने रंगवलेल्या गेटवर रंग वाळल्यानंतरही किमान ३ आठवडे थांबा, नाहीतर रंगातून निघणाऱ्या वायूने फुगे येतात. मोठं अक्षर काचेवर लावताना पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून फवारा मारा, म्हणजे सरकवून जागेवर आणता येतं. टेप काढताना अक्षर वर येऊ लागलं तर टेप परत खाली दाबा, स्क्वीजीने (दाबायच्या चपट्या पट्टीने) किंवा जुन्या एटीएम कार्डने घासा आणि मग टेप उभा न उचलता पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, मागे दुमडत ओढा. पाण्याच्या बाटलीवर लावलं असेल तर निदान ३ दिवस ती धुऊ नका.