चेंजओव्हर स्विचला जनित्र जोडण्यापूर्वीची तयारी

चेंजओव्हर स्विच म्हणजे घराला बाहेरची वीज किंवा जनित्राची वीज यांपैकी एका वेळी एकच जोडणारा स्विच. बाहेरून येणारी वीज आणि जनित्राची वीज एका क्षणासाठीही एकत्र येता कामा नयेत, हे ध्यानात ठेवूनच पुढील सारी तयारी करावी. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घराला वीज देण्याचा प्रकार कदापि करू नये. तशाने वीज उलट दिशेने रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) शिरते, तेथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

वीज गेल्यावर जी उपकरणे खरोखर चालवायची आहेत त्यांची यादी त्यांच्या नामपट्टीवरील आकडे पाहून करावी. ५ केव्हीएचे जनित्र ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) धरल्यास ४ किलोवॉटच देते, आणि पंपाची मोटर थेट सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट घेते, म्हणून केवळ वॉटची बेरीज पुरेशी नाही. चेंजओव्हर स्विच मधोमध ‘बंद’ स्थिती असलेला आणि दोन्ही पुरवठ्यांपैकी मोठ्या पुरवठ्याचा करंट पेलणारा घ्यावा.

न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, स्विचने तोडायची की नाही हा निर्णय मात्र स्विच विकत घेण्याआधीच व्हायला हवा, आणि नेमका तोच बहुधा राहून जातो. स्विच न्यूट्रलही तोडत असेल तर जनित्र हा स्वतंत्र स्रोत ठरतो. अशा वेळी त्याचे न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेले नसेल, तर बिघाडाच्या करंटला परतीची वाट मिळत नाही आणि आरसीसीबी (करंट गळत असल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) पडत नाही. न्यूट्रल तुटत नसेल तर उलट जनित्रापाशी न्यूट्रल व अर्थिंगची दुसरी जोडणी केल्याने न्यूट्रलचा करंट अर्थिंगच्या तारेतूनही वाहू लागतो व आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. परवानाधारक वायरमनकडून हा निर्णय आकृतीसह लिहून घ्यावा.

जनित्राची जागा घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर ठरवावी, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही. केबलची लांबी प्रत्यक्ष मार्गावरून मोजूनच तिची जाडी ठरवावी.

कामाच्या दिवशी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, तरीही मीटरकडून येणाऱ्या बाजूची टर्मिनल जिवंतच असतात हे विसरू नये. तेथे हात लागणार असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा तोडून घ्यावा. मल्टिमीटर आधी चालू वीज असलेल्या ठिकाणी तपासावा, मग बंद तारांवर लावावा आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी तपासावा.

चाचणीत प्रथम लोड न देता व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी मोजावी. तीन फेज असल्यास फेजचा क्रम पाहावा, नाहीतर मोटर उलटी फिरेल. नंतर सर्वांत मोठी मोटर आधी व बाकीची उपकरणे एकेक करून चालू करावीत. स्विच फिरवण्याचा क्रम ठळक अक्षरांत लिहून बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा.