सावकार बँकेपेक्षा स्वस्त कसा निघाला : इकॉनॉमिक्स रिसर्चमध्ये येणाऱ्या गावाकडच्या पोरापोरींसाठी

दर महिन्याला दोनतीन मेसेज येतातच. ताई बीए इकॉनॉमिक्स झालंय, एमपीएससी दोनदा दिली, आता ते तुमचं रिसर्चचं काय असतं ते सांगा. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच लिहून ठेवते. मी घाटंजी तालुक्यातली, जिल्हा यवतमाळ, शिक्षण मराठी मीडियम, घरी कोरडवाहू कापूस-तूर, आणि सध्या शेतकऱ्यांचं कर्ज या विषयावरच्या एका प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट आहे. पगार बरा आहे. आईला अजून माझी पोस्ट सांगता येत नाही, ती शेजारी सांगते की पोरगी जनगणनेत आहे.

डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स म्हणजे गरीब देशांत शाळा, कर्ज, दवाखाना, शेती यातलं कशानं खरंच फरक पडतो ते मोजायचं. 2019 चं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना याच कामासाठी मिळालं. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत 'प्रथम' नावाच्या संस्थेसोबत त्यांच्यातल्या दोघांनी एक प्रयोग केला होता, मागे पडलेल्या पोरांना वर्गाबाहेर काढून वस्तीतलीच एक बालसखी त्यांच्या लेव्हलचं शिकवायची, आणि सर्वात जास्त फायदा सर्वात कच्च्या पोरांना झाला. डुफ्लोचा 2001 चा एक पेपर इंडोनेशियावर आहे, तिथल्या सरकारनं 1973 पासून पाचसहा वर्षांत 61 हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, मग ज्या भागात जास्त शाळा झाल्या तिथली पोरं मोठी झाल्यावर जास्त कमावतात का ते तिनं बघितलं, तर कमावतात. मी हा पेपर घाटंजीच्या एसटी स्टँडवर बसून मोबाईलवर वाचला. अर्धा कळला नाही पण डोक्यात आमची झेडपीची शाळा, दोन खोल्या अन चार वर्ग.

आता खरी गोष्ट. 2008 ला केंद्राची कर्जमाफी झाली तेव्हा मी पाचवीत होते. नियम असा की जमीन 2 हेक्टरपर्यंत असेल तर थकलेलं पीककर्ज पूर्ण माफ, त्याच्या वर असेल तर आधी 75 टक्के भरा मग 25 टक्के सूट. बाबांच्या सातबाऱ्यावर 2 हेक्टर 21 आर. धुऱ्याला धुरा लागून ज्या काकांचं वावर आहे त्यांचं 1 हेक्टर 82 आर. तीच काळी माती, तोच पाऊस, त्याच बोंडअळ्या. काकांचं सगळं माफ, आमचं नाही, आणि 75 टक्के भरायला घरात पैसा असता तर कर्ज थकलंच कशाला असतं. आमच्याकडे वावरं दिसायला मोठी पण ओलीत नाही, त्यामुळे विदर्भातल्या बऱ्याच घरांना ही रेष चावली. घरी वर्षभर दुसरा विषय नव्हता. एमएच्या दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर एक उभी रेघ मारली, म्हणाले याला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात, रेघेच्या जरा अलीकडचे आणि जरा पलीकडचे लोक बाकी सगळ्या बाबतीत जवळपास सारखेच असतात, म्हणून पुढे त्यांच्यात जो फरक पडला तो योजनेचा धरता येतो. मी बेंचवर बसून विचार करत होते की अरे हे तर बाबा आणि काका. गुजरातच्या शेतकऱ्यांवर याच 2 हेक्टरच्या रेषेवरून 2016 चा एक पेपर आहे, त्यात निघालं की माफी मिळाल्यानं शेतीतली गुंतवणूक किंवा उत्पादन काही वाढलं नाही. वाचून मला राग आला. मग दोन महिने लावून तो ओळ न ओळ समजून घेतला, माझं अर्ध इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे डेटावरून अर्थशास्त्रातले परिणाम मोजायचं शास्त्र, त्या रागावर झालंय.

पहिलं काम मात्र एन्युमरेटरचं मिळालं, म्हणजे टॅब घेऊन घरोघर जायचं आणि प्रश्न विचारायचे. बरेच जण या कामाला नाक मुरडतात, एमए करून सर्व्हे करायचा का म्हणून. करा. सहा महिने तरी करा. पहिल्याच आठवड्यात माझ्या टॅबवर प्रश्न होता, मागच्या बारा महिन्यांत घरात कोणी कर्ज घेतलं का, आणि निम्म्याहून जास्त घरं नाही म्हणाली. मी खूश, कारण नाही म्हटलं की पुढचे चाळीस प्रश्न गळतात आणि लवकर सुटका. मग बॅक चेक झाला, म्हणजे काही घरांत दुसरा माणूस जाऊन तेच काही प्रश्न परत विचारतो, आणि माझा डेटा पार उघडा पडला. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं. रात्री रडत आईला फोन केला तर ती म्हणते, "अवं, उधारीले कोनी कर्ज म्हन्ते का? कर्ज म्हन्जे बँकीचं." कृषी केंद्रातून जूनमध्ये बियाणं-खत उचलायचं आणि कापूस विकल्यावर द्यायचं, ही उधारी. हातउसने वेगळे. गटाचं लोन वेगळं, ते बाईचं. सावकाराचं तर कोणी नावच काढत नाही. मग मी प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन वेगवेगळं विचारायला लागले आणि जवळपास प्रत्येक घरात काही ना काही निघालं. उधारीवर व्याज किती विचारलं तर शून्य सांगतात, आणि खोटं नाही सांगत, कारण व्याज भावातच असतं, त्याच खताच्या बॅगचा रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. दोन्ही भाव विचारल्याशिवाय ते दिसत नाही.

टायटलमधला किस्सा याच्यानंतरचा. डेटा क्लीनिंगला बसलो तर सरासरीत बँकेचा व्याजदर 7 आणि सावकाराचा 3! दिल्लीहून आलेला एक हुशार मुलगा होता, तो म्हणाला इंटरेस्टिंग फाइंडिंग आहे. अरे बाबा, सावकाराचे तीन म्हणजे शेकडा महिन्याला तीन, वर्षाचे 36. बँकेचे 7 वर्षाचे. एकाच कॉलममध्ये दोन्ही भरलेले. आणि ज्यांनी दिढीनं घेतलं, म्हणजे एक पोतं नेलं अन सुगीला दीड दिलं, त्यांचा तर कॉलमच रिकामा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे आपला काही उपयोग आहे, त्याला कोडिंग माझ्यापेक्षा दहापट चांगलं यायचं पण पोतं किती किलोचं हे विचारायचं त्याला सुचलं नसतं.

तिसरी गोष्ट नवं-जुनं. महाराष्ट्रात पीककर्ज वेळेत भरलं तर पंजाबराव देशमुख योजनेतून 3 लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं, म्हणून मार्च एंडला लोक सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी पैसे उचलतात, बँकेत भरतात, बँक नवीन कर्ज देते, त्यातून सावकाराचं देतात. बँकेच्या कागदावर वसुली एकदम टकाटक. फक्त बँकेचा डेटा घेऊन बसलात तर तुम्ही लिहाल की शेतकरी सुखात आहे. मला पुढे पीएचडी यावरच करायची आहे, कोणी आधी केली तर मला वाईट वाटेल पण करा.

बाकी तयारीचं पटापट सांगते. गणित आमच्याकडे बीएला जवळपास नसतंच, म्हणून अकरावी-बारावी सायन्सचं कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स स्वतः करा, सरकारच्या स्वयम पोर्टलवर ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, एक वर्ष जातं, जाऊ द्या. एमएसाठी पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, गोरेगावची आयजीआयडीआर, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही नावं लागतील, नाही लागला नंबर तर अमरावती-नागपूर विद्यापीठातून करून पण रस्ता निघतो, माझा तसाच निघाला. सॉफ्टवेअरमध्ये स्टाटा सगळे वापरतात पण ते विकत आहे, तुम्ही आर शिका, ते फुकट आहे. सरावाला डेटाही फुकट मिळतो, एनएसएसच्या (कॉलेजातली नव्हे, सरकारचा नॅशनल सॅम्पल सर्व्हे) 77 व्या राउंडमध्ये शेतकरी घरांचं कर्ज आहे, महाराष्ट्र काढा आणि बसा. नेट-जेआरएफ, म्हणजे यूजीसीच्या परीक्षेतून मिळणारी रिसर्च फेलोशिप, निघाली तर महिन्याला 37 हजार. बार्टी, सारथी पुण्यात आणि महाज्योती आपल्या नागपुरात, या राज्य सरकारच्या संस्था, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे त्यांच्या पीएचडी फेलोशिपच्या जाहिराती बघत जा. इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला जाऊ नका, मी गेले होते, झोप येते. आधी अॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश, मग टेबलं, मग टेबलातला एक आकडा पकडून तो कुठून आला ते शोधत मागे जायचं.

फील्डवर गेलात तर वेचणीच्या दिवसांत दुपारी कोणाच्या दारात उभे राहू नका, कुणी नसतं आणि असली तर एक म्हातारी असते आणि ती तुम्हाला चहा करून देईपर्यंत तुमचे दोन सर्व्हे जातात (चहा प्या पण). पोरांचं वाचन तपासताना आई मागून उत्तर सांगते, तिला गोड बोलून प्रश्नावलीच्या दुसऱ्या भागाला बसवा. आणि संमतीपत्र वाचून दाखवताना घाई करू नका, कारण तुम्ही काहीही वाचा, शेवटी प्रश्न एकच येतो, "मंग पैसे कवा येतीन?" येणार नाहीत हे स्पष्ट सांगायचं. एकदा मी गुळमुळीत बोलले तर त्या मावशींनी तीन वेळा पासबुक भरून आणलं. ते मला अजून बोचतं.

आता नवीन प्रश्नावली आली की पहिली टेस्ट मी आईवर घेते. मागच्या रविवारी बचत गटाच्या कर्जाचा प्रश्न आला, नवरा-बायको दोघांना बसवून विचारायचा असा होता. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाईले येगळं इचारजो अन मानसाले येगळं. संगं इचारशीन तं दोघंबी खोटं सांगतीन." टीमला मेल टाकलाय, दोन वेगळे सेक्शन करतोय. मी सहज बाबांकडे बघितलं तर ते पेपर वाचत होते, आणि आईनं विषय बदलला.