गरोदरपण, हवा आणि गेलेलं बाळ: घरोघरच्या पाहणीत या चुका टाळा

दूषित हवेचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या मराठी घरांत गरोदरपणाची माहिती घेताना सगळ्यात मोठी चूक पत्त्यात होते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात डोहाळजेवण झालं की सून पुण्याला किंवा साताऱ्याला जाते आणि दवाखान्याच्या कागदावर तिथलाच पत्ता पडतो. तो धरून हवेचे आकडे लावले, तर आधीचे सात महिने ती बडोद्याच्या हवेत राहत होती हे हिशेबात येतच नाही. बाळाचे अवयव घडतात ते मात्र पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून महिन्यावार विचारा: कुठे होतात, स्वयंपाक कशावर व्हायचा, घरात बिडी-सिगारेट कोण ओढायचं? तारीख आठवत नसेल तर "पाळी चुकली तेव्हा गणपती बसले होते का?" असं विचारा आणि त्या वर्षीचं पंचांग उघडा. वेळ जातो, पण हा वेळ वाचवू नका.

"मुलं किती?" असं विचारलं की गेलेली मुलं उत्तरातून गळतात. "किती वेळा दिवस गेले होते?" हे विचारा. तिसऱ्या महिन्यात पडलेलं, पोटातच गेलेलं, जन्मून गेलेलं, सगळं वेगळं लिहा. देशादेशांच्या तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटना २८ आठवडे किंवा त्यापुढच्या गर्भाचा मृतजन्म मोजते. त्याआधी गेलेलंही तुमच्या कागदावर हवंच. फक्त जिवंत जन्म मोजले, तर जिथे अपाय जास्त तिथली नाजूक बाळं आधीच गेलेली असतात आणि आकडे उलट बरे दिसतात.

"तंबाखू खाता का?" "नाही." मग दात कशाने घासता? मशेरीने! तीही तंबाखूचीच.

बारीक धूलिकणांची (पीएम २.५) आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. मर्यादेत आहे म्हणजे निर्धोक, असं लिहू नका.

बाळ गेलेली आई कारण शोधत प्रत्येक वास, प्रत्येक धूर आठवत बसते; सुखरूप सुटलेली विसरून जाते. दोघींना तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारा आणि ममता कार्डाशी (गरोदरपणाच्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड) ताडून पाहा.

सुरुवातीला मी उत्तरं लिहून घेऊन लगेच उठायचे. आजही ते मनाला लागतं. सुतकात जाऊ नका. सासूबाई समोर असताना हे प्रश्न नकोत. बाळाचं नाव ठेवलं असेल तर नावानेच बोला. "दुसरं होईल" हे तर कधीच म्हणू नका, आणि बाबांनाही विचारा, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

"ताई, माझ्यामुळे झालं का हो?" हा प्रश्न हमखास येतो. अशी पाहणी हजारो बाळंतपणांबद्दल बोलते, एका बाळाचं कारण सांगू शकत नाही, हे तिला सरळ सांगा. मग थोडा वेळ बसा. निघताना टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या.