रस्त्याच्या कामाभोवतीची वाहतूक व्यवस्था: या चुका टाळा

रस्त्याचे काम चालू असलेल्या ठिकाणी अपघात झाला की पहिला ठपका वाहनचालकाच्या वेगावर येतो, आणि तो अनेकदा खराही असतो. पण अशा ठिकाणांची पाहणी करताना एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते: व्यवस्था लावणाऱ्याने ती कामाच्या बाजूला उभे राहून आखलेली असते, चालकाच्या जागी बसून नव्हे. खड्डा कुठे आहे, रोलर कुठे वळणार आहे, कोणती लेन बंद आहे, हे कामावरच्या माणसाला सकाळपासून ठाऊक असते. चालकाला यांतले काहीच ठाऊक नसते आणि ते समजून घ्यायला त्याच्याजवळ मोजके सेकंद असतात. पुढच्या बहुतेक चुका या एका विसरातून घडतात.

आखूड टेपर आणि भरलेला बफर

लेन बंद करताना कोनांची, म्हणजे रस्त्यावर ठेवायच्या शंकूंची, तिरपी रांग लावून वाहने हळूहळू शेजारच्या लेनमध्ये वळवतात, हाच टेपर. त्याची लांबी हाताशी किती कोन आहेत यावरून ठरत नाही. ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी प्रचलित सूत्र असे आहे की बंद लेनची रुंदी मीटरमध्ये घेऊन तिला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि १५५ ने भागावे. त्याहून अधिक वेगाच्या रस्त्यावर रुंदीला वेगाने गुणून १.६ ने भागावे. साडेतीन मीटरच्या लेनसाठी ५० च्या वेगाला सुमारे ५६ मीटर लांबी येते, तर ८० च्या वेगाला १७५ मीटर. वेग दुप्पटही झालेला नाही, लांबी मात्र तिप्पट झाली. नवख्याचा अंदाज इथेच चुकतो, कारण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला १७५ मीटरची रांग अवास्तव वाटते. सूत्रात घ्यायचा वेग हा काम सुरू होण्यापूर्वी वाहने ज्या वेगाने जात होती तो आहे. कामासाठी लावलेल्या तात्पुरत्या फलकावरचा आकडा घेतला की हिशेब कागदावर जमतो, रस्त्यावर नाही.

एका ठिकाणी रात्रीच्या डांबरीकरणासाठी दोन लेनपैकी एक बंद केली होती. वाहने ८० च्या आसपास धावत होती आणि टेपर जेमतेम ४० मीटरचा होता, कारण उरलेले कोन पुढच्या टप्प्यासाठी ट्रकवरच ठेवले होते. आम्ही पाहत असतानाच एक बस आली. उंच आसनावरच्या चालकाला कोन लांबून दिसले होते, त्यामुळे त्याने ती अगदी जवळ येऊनही सफाईने बाजूला घेतली. तिच्या मागच्या मोटारीला मात्र तोपर्यंत बसच्या पाठीखेरीज काहीच दिसले नव्हते. ती कोन उडवत सरळ बंद लेनमध्ये शिरली. टेपरनंतरची जी जागा पूर्ण रिकामी हवी होती, तिथे पाण्याचा टँकर उभा केलेला होता आणि त्याच्या आडोशाला कामगार बसले होते. मोटार टँकरच्या अलीकडे कशीबशी थांबली.

सुपरवायझरचे म्हणणे होते की चालकाने ब्रेक आधी दाबायला हवा होता. ८० च्या वेगाने वाहन सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत रस्त्याच्या आखणीत अडीच सेकंद धरतात, म्हणजे तेवढ्यातच ५५ मीटर जातात. तो ४० मीटरचा टेपर ब्रेक लागण्यापूर्वीच संपत होता. पूर्ण थांबायला सुमारे १३० मीटर लागतात. टेपर आणि प्रत्यक्ष काम यांमधला बफर तेवढाच लांब ठेवायचा असतो आणि त्यात टँकर, दुचाकी, खडी, माणूस यांपैकी काहीही असता कामा नये. ती रिकामी जागा वाया गेलेली आहे असे ज्याला वाटते, त्याच्या हाती व्यवस्था सोपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी सवय अशी आहे की शेवटचा कोन लागला की साध्या मोटारीत बसून, डिपरवर, त्या रस्त्याच्या नेहमीच्या वेगाने मी त्यातून जातो, आणि जमेल तर एखाद्या मोठ्या वाहनाच्या मागे राहून जातो. फलक धुळीने माखलेला आहे, फ्लडलाइट थेट चालकाच्या डोळ्यांवर येतो आहे, दोन कोनांमधली फट लेनसारखी दिसते आहे, हे सगळे याच फेरीत कळते. या फेरीसाठी वेळ नाही असे म्हणणाऱ्या मुकादमाला मी काम सुरू करू देत नाही.

काम नसताना उभे राहिलेले फलक

सुट्टीच्या दिवशी ‘पुढे काम चालू आहे’ हा फलक तसाच ठेवला, तर चालक वेग कमी करतो, त्याला काहीच दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो वेग कमी करत नाही. त्या दुसऱ्या दिवशी तिथे माणसे असतात. हा आळस मला आखूड टेपरइतकाच गंभीर वाटतो, कारण त्याची किंमत पुढच्या कामावरचे कामगारही मोजतात. फलक नुसता तिरका फिरवून भागत नाही, आणि पातळ कापड टाकले तर रात्री हेडलाइटच्या उजेडात अक्षरे त्यातून चमकतात. फलक काढून न्यावा, नाहीतर जाड, अपारदर्शक आवरणाने पूर्ण झाकावा.

झेंडीवाला

एकाच लेनमधून आळीपाळीने वाहतूक सोडायची असते तिथे झेंडी बहुधा सर्वांत नव्या मजुराच्या हाती दिली जाते. हे उलट आहे; ते काम अनुभवी आणि शांत डोक्याच्या माणसाचे आहे. त्याने रस्त्याच्या कडेला, इतर कामगारांपासून वेगळे, लांबून दिसेल असे उभे राहावे, येणाऱ्या वाहनांकडे पाठ करू नये आणि बाजूला उडी मारायला जागा मोकळी ठेवावी. झाडाच्या सावलीत उभा असलेला माणूस उन्हातून येणाऱ्या चालकाला दिसत नाही. दोन टोके एकमेकांना दिसत नसतील तर वॉकीटॉकी हवाच, आणि ‘शेवटची गाडी पांढरी’ असा निरोप देऊ नये. गाडीचा क्रमांक सांगावा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

दगड भरलेले पिंप हा अडथळा नव्हे. धडक बसली की तेच दगड कामगारांवर उडतात. पाण्याचे प्लास्टिक बॅरिअर रिकामे ठेवले किंवा एकमेकांत अडकवले नाहीत तर वाहन रोखण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. बॅरिकेडवरचे तिरपे पट्टे ज्या बाजूने वाहनांनी जायचे त्या बाजूला उतरते असावेत. जुन्या लेनच्या रेषांवर काळा रंग फासला तर पावसाळी रात्री तोही रेषेसारखा चमकतो, म्हणून त्या खरवडून काढाव्यात. अंध पादचाऱ्याच्या काठीला हवेत ताणलेली फीत लागत नाही. पदपथ बंद असेल तिथे जमिनीलगत आडवी फळी हवी. रांग वाढून पहिल्या फलकाच्याही मागे गेली तर तो फलक आणखी मागे न्यावा, कारण तेव्हा सर्वांत मोठा धोका रांगेच्या शेपटीला असतो.

मांडणीचा क्रमही अनेक जण उलटा करतात. वाहने ज्या दिशेने येतात त्याच दिशेने पुढे जात मांडायचे असते: आधी सर्वांत लांबचा फलक, मग टेपर, मग बाकीचे, म्हणजे कोन ठेवणाऱ्या माणसाला मागच्या फलकांचे संरक्षण असते. उचलताना कामाच्या जागेपासून सुरुवात करून उलट्या क्रमाने मागे यावे आणि पहिला फलक सर्वांत शेवटी काढावा. दिवसभराच्या थकव्यानंतर, ट्रक उभा आहे त्या टोकाचे सामान आधी उचलण्याचा मोह होतो, म्हणून हा क्रम मी ट्रकच्या दारावर लिहून ठेवायला लावतो.